लार्ज फॉरमॅट छायाचित्रणाची कार्यशाळा निवडायची आहे, सल्ला हवा

फ्रीमाँटवासी

नमस्कार. मी कॅलिफोर्नियात, सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागरी भागात राहतो आणि गेली काही वर्षे रोल फिल्मवर कृष्णधवल छायाचित्रे काढतो आहे. फिल्म घरीच न्हाणीघरात डेव्हलप करतो. एन्लार्जर (निगेटिव्हवरून कागदावर मोठे चित्र उतरवण्याचे यंत्र) नसल्यामुळे निगेटिव्ह मात्र स्कॅन करावी लागते. अलीकडे मी घडीचा, लाकडी, फोर बाय फाइव्ह इंचांचा एक जुना कॅमेरा, म्हणजे रोलऐवजी तेवढ्या आकाराची एकेक सुटी फिल्म (शीट) वापरणारा लार्ज फॉरमॅट कॅमेरा, आणि त्याला १५० मिलिमीटरचे भिंग घेतले आहे. कॅमेरा उभारणे, चेंजिंग बॅगमध्ये हात घालून होल्डरमध्ये शीट भरणे, काळ्या कापडाखाली उलटी प्रतिमा पाहून फोकस करणे, एवढे पुस्तकांच्या आणि चित्रफितींच्या मदतीने जमू लागले आहे. परंतु भिंग धरणारी पुढची चौकट कलवली की फोकसच्या काचेवर नेमके काय घडते आहे, आणि जे घडते आहे ते मला हवे होते की नव्हते, हे अजून उमगत नाही.

यासाठी एखादी कार्यशाळा करावी असा विचार आहे आणि माझ्यासमोर सध्या चार पर्याय आहेत. पहिला म्हणजे शरद ऋतूत योसेमिटी आणि सिएरा नेवाडाच्या पूर्व उतारावर होणारी पाच दिवसांची कार्यशाळा. शिक्षक नामवंत आहेत, त्यांचे काम मला मनापासून आवडते, आणि सहभागी व्यक्तीने कोणताही कॅमेरा आणला तरी चालतो. दुसरा पर्याय घराजवळच्या एका सार्वजनिक डार्करूममधल्या शनिवार-रविवारच्या परिचयवर्गाचा आहे. तिसरा जरा दूरचा आहे: न्यूयॉर्क राज्यातील रॉचेस्टरचे जॉर्ज ईस्टमन संग्रहालय जुन्या छायाचित्रण-प्रक्रियांच्या कार्यशाळा घेते, त्यांतील ओल्या कोलोडियनच्या काचपट्टीची कार्यशाळा मला खुणावते आहे. चौथा पर्याय म्हणजे एखाद्या जाणकाराला मोबदला देऊन एकट्याने शिकणे. माझी मुख्य आवड निसर्गदृश्यांची आहे. शिवाय पुढच्या भारतभेटीत वाईचे घाट आणि मेणवलीचा वाडा याच कॅमेऱ्याने टिपायचा मानस आहे. कार्यशाळा निवडताना कोणते निकष लावावेत, याबद्दल अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

कोकणकडा

पहिल्या पर्यायाच्या आयोजकांना आधी एकच प्रश्न विचारा: मागच्या वर्षी आलेल्यांपैकी किती जणांकडे तुमच्यासारखा भात्याचा, म्हणजे लार्ज फॉरमॅटचा, कॅमेरा होता? ‘कोणताही कॅमेरा चालतो’ या वाक्याचा व्यवहारातला अर्थ बहुधा असा असतो, की बारापैकी दहा जण डिजिटल कॅमेरे घेऊन येतात आणि दिवसाची आखणी त्यांच्या गतीने होते. नवशिक्याला ट्रायपॉड लावून, फोकस करून, मीटर वाचून, होल्डर सरकवून शटर दाबेपर्यंत दहा-पंधरा मिनिटे सहज लागतात. तेवढ्यात उरलेला गट पुढच्या ठिकाणी जाण्यासाठी गाडीत बसलेला असतो आणि शिक्षकही त्यांच्यासोबत निघालेले असतात. शिक्षक कितीही मोठे असले, तरी तुमच्या काळ्या कापडाखाली डोके घालून ‘आता हा स्क्रू थोडा मागे फिरवा’ असे सांगायला त्यांना सवड मिळणार नसेल, तर तुम्ही एका सुंदर सहलीचे पैसे मोजत आहात. सहलीला माझा विरोध नाही. फक्त तिला सहल म्हणूनच पाहावे.

तसेच राष्ट्रीय उद्यानात व्यावसायिक कार्यशाळा घेण्यासाठी उद्यानसेवेचा परवाना लागतो, तो आयोजकांकडे आहे ना, हेही विचारून घ्यावे. पैसे आगाऊ भरायचे असतात, त्यामुळे हा प्रश्न विचारण्यात संकोच नसावा.

रौप्यकण

मी एका सामुदायिक डार्करूममध्ये शिकवते, त्यामुळे माझा कल कोणत्या बाजूला असणार हे उघड आहे. तो गृहीत धरून पुढचे वाचावे.

माझ्या मते कार्यशाळेची पारख करणारा मुख्य प्रश्न असा आहे: तुम्ही सकाळी काढलेली निगेटिव्ह तुम्हाला आणि तुमच्या शिक्षकांना एकत्र कधी पाहायला मिळणार? त्याच संध्याकाळी, शेवटच्या दिवशी, की घरी परतल्यावर तुम्हाला एकट्यालाच? ठिकाण, शिक्षकांची कीर्ती, राहण्याची सोय हे सारे मी या प्रश्नानंतर विचारात घेईन.

याचे कारण थोडे इतिहासात आहे. प्रसिद्ध अमेरिकन निसर्गछायाचित्रकार ॲन्सेल ॲडम्स यांनी १९५५ पासून अनेक वर्षे योसेमिटीत कार्यशाळा घेतल्या आणि आज अमेरिकेत दिसणारा क्षेत्र-कार्यशाळेचा साचा बऱ्याच अंशी तिथूनच आलेला आहे. ॲडम्स १९४०च्या दशकाच्या अखेरीपासून पोलरॉइड कंपनीचे सल्लागारही होते. फोर बाय फाइव्ह कॅमेऱ्याच्या पाठीत बसणारी पोलरॉइडची झटपट फिल्म पुढे कित्येक दशके लार्ज फॉरमॅट शिकवणाऱ्यांचा मोठा आधार होती. विद्यार्थ्याने चौकट कलवली, एक पोलरॉइड काढले आणि दगडाच्या कडेला उभे राहूनच शिक्षकाने त्यावर बोट ठेवून सांगितले, की झाडाचा शेंडा फोकसबाहेर गेला आहे. २००८ मध्ये पोलरॉइडने झटपट फिल्मचे उत्पादन थांबवण्याची घोषणा केली आणि फुजीची त्या आकाराची फिल्मही पुढे बंद झाली. कार्यशाळांचा साचा मात्र बहुतेक ठिकाणी तोच राहिला. म्हणजे पाच दिवस शीटवर शीट टिपायची, ती डब्यात बंद करून घरी न्यायची, आणि जे चुकले ते का चुकले हे सांगणारे माणूस तोवर शेकडो मैल दूर गेलेले असायचे. काही शिक्षक डिजिटल कॅमेऱ्यावर आधी चाचणी घ्यायला लावतात. त्याने एक्स्पोजरचा अंदाज येतो, परंतु कलवलेल्या चौकटीचा परिणाम त्यात दिसत नाही.

त्यामुळे ज्या कार्यशाळेत संध्याकाळी डेव्हलपिंगची सोय आहे, मग ती मोटेलच्या न्हाणीघरात लावलेली का असेना, ती कार्यशाळा जास्त देखण्या ठिकाणी होणाऱ्या पण अशी सोय नसलेल्या कार्यशाळेपेक्षा मला नेहमीच सरस वाटते. शीट फिल्मचा खरा लाभही डेव्हलपिंगमध्येच कळतो. ॲडम्स आणि फ्रेड आर्चर यांनी १९४०च्या सुमारास लॉस एंजेलिसच्या आर्ट सेंटरमध्ये शिकवत असताना झोन सिस्टिमची मांडणी केली, तिचे सार असे, की एक्स्पोजर सावलीतल्या तपशिलासाठी द्यावे आणि उजळ भागांची घनता डेव्हलपिंगच्या वेळेने आवरावी. रोल फिल्मवर वेगवेगळ्या उजेडातली सगळी चित्रे एकाच वेळी एकाच द्रावणात जातात, म्हणून तिथे हे पूर्णपणे पाळता येत नाही. शीट मात्र एकेकटी असते. धुक्यातली एक शीट जास्त वेळ आणि दुपारच्या कडक उन्हातली कमी वेळ डेव्हलप करून दोन्ही निगेटिव्ह शेजारी शेजारी उजेडावर धरल्या, की पुस्तकातली पन्नास पाने एका तासात समजतात. स्पॉट मीटरने (दृश्याच्या लहानशा भागाचा प्रकाश मोजणाऱ्या मीटरने) सावली वाचून, ती तिसऱ्या झोनमध्ये, म्हणजे गडद पण तपशील दिसणाऱ्या छटेत, बसवण्यासाठी दोन स्टॉप कमी एक्स्पोजर द्यायचे (एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा किंवा दुप्पट), हे वाक्य पाठ करणे सोपे आहे. पण आपल्या मीटरने, आपल्या डेव्हलपरमध्ये ती सावली खरोखर कुठे उतरते, हे निगेटिव्ह पाहिल्याशिवाय कळत नाही.

दुसरा पर्याय, म्हणजे घराजवळची डार्करूम, दिसायला साधा असला तरी त्याला कमी लेखू नये. सॅन फ्रान्सिस्कोत नगरपालिकेच्या उद्यान विभागाचे हार्वी मिल्क फोटो सेंटर आहे. तिथली डार्करूम सदस्यांना वापरता येते. अशा जागी वर्ग संपल्यानंतरही जाता येते, आणि शेजारच्या एन्लार्जरवर वीस वर्षे काम करणारे कोणीतरी हमखास भेटते. तुमच्या घराजवळच्या डार्करूममध्ये फोर बाय फाइव्हचा एन्लार्जर आहे का, एवढे मात्र विचारा, कारण बऱ्याच डार्करूममधले एन्लार्जर रोल फिल्मपर्यंतच चालतात.

रॉचेस्टरकर

रौप्यकण यांच्या निकषाशी मी सहमत आहे, आणि तोच निकष प्रामाणिकपणे लावला तर तिसरा पर्याय त्यांनी न बोलता बाजूला सारायला नको होता, असे मला वाटते. ओल्या कोलोडियनची पद्धत फ्रेडरिक स्कॉट आर्चर यांनी १८५१ मध्ये प्रसिद्ध केली. तिच्यात काचेवर किंवा पत्र्यावर कोलोडियन ओतायचे, सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणात पट्टी संवेदनशील करायची आणि ती ओली असतानाच, म्हणजे साधारण दहा-पंधरा मिनिटांत, एक्स्पोजर देऊन डेव्हलपही करायची. पट्टी सुकली की संपले. म्हणजेच पोलरॉइड गेल्यावर जे हरवले असे रौप्यकण म्हणतात, ते इथे पद्धतीतच अंगभूत आहे: फोकस चुकला, चौकट जास्त कलली, भिंग हलले, तर काही मिनिटांत सारे डोळ्यांसमोर येते आणि शिक्षक शेजारीच उभे असतात.

ईस्टमन संग्रहालयाच्या कार्यशाळांचे आणखी एक वैशिष्ट्य म्हणजे तिथे मूळ वस्तू पाहता येतात. एकोणिसाव्या शतकातली कोलोडियनची निगेटिव्ह आणि तिच्यावरून अंड्याच्या पांढऱ्याचा थर दिलेल्या कागदावर काढलेला अल्ब्युमेन प्रिंट प्रत्यक्ष पाहिल्यावर आपण कशाच्या मागे लागलो आहोत याचे भान येते. न्यूयॉर्क शहरात पेनम्ब्रा फाउंडेशनही टिनटाइपच्या, म्हणजे पत्र्यावरच्या कोलोडियन चित्रांच्या, कार्यशाळा घेते. प्रवासाच्या सोयीने कोणाला ते जवळचे पडेल.

अर्थात मर्यादाही सांगायला हव्यात. कोलोडियनला फक्त निळा आणि अतिनील प्रकाश दिसतो. त्यामुळे निळे आकाश पांढरे फटक येते, ढग बहुधा नाहीसे होतात आणि आपल्यासारख्या सावळ्या, तांबूस वर्णाची माणसे प्रत्यक्षापेक्षा बरीच काळी दिसतात. नेहमीच्या मीटरने इथे फारसे काही कळत नाही, म्हणून मीटर वाचण्याचे शिक्षण या कार्यशाळेत मिळणार नाही. ईथरची वाफ पेट घेते आणि सिल्व्हर नायट्रेट डोळ्यांना घातक असते. ज्या कार्यशाळेत पहिला तास चष्मा, हातमोजे आणि हवा खेळती ठेवण्याविषयी नसेल, तिथून परत फिरावे. फिक्सर (चित्र पक्के करणारे रसायन) म्हणून पोटॅशियम सायनाइड वापरणारे लोक अजूनही आहेत. हायपोने (सोडियम थायोसल्फेटने) काम भागत असताना नवशिक्याच्या हाती ते देणाऱ्या शिक्षकाबद्दल माझे मत चांगले नाही.

फ्रीमाँटवासी

सर्वांचे मनापासून आभार. योसेमिटीच्या आयोजकांना मी लिहून विचारले. मागच्या वर्षी भात्याचा कॅमेरा आणणारी एकच व्यक्ती होती आणि डेव्हलपिंगची सोय नाही, असे उत्तर आले. ते त्यांनी स्पष्टपणे कळवले याबद्दल त्यांचे कौतुकच वाटले. कोलोडियनचा मोह कायम आहे, परंतु मला शेवटी फिल्मवरच काम करायचे असल्यामुळे तो पुढच्या वर्षावर ढकलावा असे वाटते. चौकटी कलवणे-सरकवणे हा भाग मात्र शनिवार-रविवारच्या वर्गात पुरेसा होईल का, याबद्दल शंका आहे. आणि वाड्याचे, घाटाचे चित्रण करायचे असेल तर वेगळे काही शिकावे लागते का?

पुणेरी_भिंग

मी वास्तूंचे चित्रण करतो, त्यामुळे तुमच्या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो. वास्तूसाठी लागणाऱ्या हालचाली निसर्गदृश्याच्या मानाने सोप्या असतात, आणि त्या शिकायला योसेमिटीची गरज नसते. समोरच्या रस्त्यावरची चार मजली इमारत पुरते. कॅमेऱ्याची पाठ ओळंब्यात उभी ठेवायची आणि इमारतीचा माथा चित्रात येईपर्यंत पुढची चौकट वर उचलायची, म्हणजे उभ्या रेषा एकमेकींकडे झुकत नाहीत. ही चौकट किती उचलता येईल ते भिंगाच्या प्रतिमावर्तुळावर, म्हणजे भिंग फिल्मच्या जागी जेवढे वर्तुळ उजळवते त्यावर, ठरते. फोर बाय फाइव्ह शीटचा कर्ण सुमारे १५३ मिलिमीटर असतो. आधुनिक पद्धतीच्या १५० मिलिमीटर भिंगाचे वर्तुळ एफ २२ एवढ्या लहान छिद्राला २१० मिलिमीटरच्या आसपास असते, म्हणजे बरीच मोकळीक मिळते. जुन्या टेसार घडणीच्या भिंगांचे वर्तुळ याहून लहान असते आणि चौकट थोडी जास्त उचलली की कोपरे काळे पडतात. तुमचे भिंग कोणत्या प्रकारचे आहे ते वर्गाला जाण्यापूर्वीच पाहून ठेवा. वाईच्या घाटावर नदीच्या पलीकडून ढोल्या गणपतीचे शिखर घ्यायचे तर १५० पुरेल; मेणवलीच्या वाड्याच्या चौकात मात्र ते अरुंद ठरेल, तिथे ९० मिलिमीटरचे भिंग भाड्याने घेतलेले बरे.

कलवण्याचे तंत्र निसर्गदृश्यात जास्त लागते. पायाजवळच्या दगडापासून दूरच्या डोंगरापर्यंत जमीन फोकसमध्ये हवी असेल, तर फिल्मचे, भिंगाचे आणि जमिनीचे प्रतल एकाच रेषेत मिळतील इतकी पुढची चौकट पुढे झुकवायची. याला शाइम्फ्लुगचा नियम म्हणतात. थिओडोर शाइम्फ्लुग या ऑस्ट्रियन लष्करी अधिकाऱ्याने विसाव्या शतकाच्या आरंभी हवाई छायाचित्रे सरळ करण्याच्या संदर्भात तो मांडला. नियम कळला तरी हात बसायला वेळ लागतो, कारण लागणारा कोन बहुधा फारच थोडा असतो आणि सगळे नवशिके तो तिप्पट ठेवतात. शिवाय त्याच दृश्यात जवळ एखादे उंच झाड असेल तर जमिनीला न्याय देताना झाडाचा शेंडा सुटतो, आणि अशा वेळी न कलवता छिद्र आणखी लहान करून एफ ३२ वर जाणेच शहाणपणाचे ठरते. केव्हा कलवू नये हे शिकवणारा शिक्षक मिळाला तर त्याला सोडू नका.

हे शिकण्यासाठी मी तुमचा चौथा पर्याय सुचवेन. परिचयवर्ग आधी करा. त्यानंतर एखाद्या जाणकारासोबत अर्धा दिवस फक्त काचेकडे पाहण्यात घालवा, आणि त्या दिवशी फिल्म भरूच नका. भिंग लावून, काचेवर भिंगकाच टेकवून, तो सांगेल ती हालचाल करून पाहायची. एकाही शीटचा खर्च न होता हा भाग बसतो आणि मोबदला अर्ध्या दिवसाचाच द्यावा लागतो.

भारतात शिकायचे असल्यास पर्याय मोजके आहेत. गोव्यात पर्यायी छायाचित्रणाचे काम करणारे गोवा-कॅप हे केंद्र सुईछिद्र कॅमेरा, सायनोटाइप अशा पद्धतींसाठी ओळखले जाते. लार्ज फॉरमॅटची उपकरणे हाती देऊन शिकवणारे लोक इथे व्यक्तिगत ओळखीतूनच सापडतात.

रौप्यकण

पुणेरी_भिंग यांची ‘फिल्म भरूच नका’ ही सूचना मी माझ्या वर्गात नक्की उचलणार आहे. त्याला एक पुरवणी जोडते. जवळची वस्तू टिपताना भाता लांबतो आणि प्रकाश कमी पोहोचतो, याचा हिशेब वर्गात मुद्दाम करून घ्या. १५० मिलिमीटरच्या भिंगाचा भाता ३०० मिलिमीटरपर्यंत ताणला तर दोन स्टॉप वाढवावे लागतात, आणि २१० पर्यंत ताणला तर साधारण एक. लांब एक्स्पोजरमध्ये फिल्म मंदावते ते वेगळेच. इल्फर्डच्या एफपी४ प्लस या कृष्णधवल फिल्मवर मीटरने १० सेकंद सांगितले तर प्रत्यक्षात १८ द्यावे लागतात. मेणवलीच्या वाड्यातल्या अंधाऱ्या ओसरीत या दोन्ही गोष्टी एकाच वेळी आडव्या येतील.

खर्चाच्या दृष्टीने शिकताना कृष्णधवल फिल्मच वापरा. रंगीत शीट तिच्या काही पटींनी महाग असते, शिवाय तिच्या प्रक्रियेसाठी बाहेरच्या लॅबवर अवलंबून राहावे लागते. आयोजकांना शुल्कात फिल्म आणि रसायने धरली आहेत का, हेही विचारा, कारण ती नसतील तर स्वस्त दिसणारा वर्ग महागात पडतो. आणि होल्डरच्या डार्क स्लाइडची (शीट झाकणाऱ्या सरकत्या पट्टीची) पांढरी बाजू बाहेर म्हणजे कोरी शीट, काळी बाजू बाहेर म्हणजे वापरलेली, ही सवय पहिल्या दिवसापासून लावून घ्या.

फ्रीमाँटवासी

मग असे ठरवतो: आधी शनिवार-रविवारचा वर्ग, नंतर काचेपुरता अर्धा दिवस, आणि योसेमिटीला कार्यशाळेविनाच एकट्याने जाईन. धबधबे पाहायचे असतील तर कधी जावे? आणि भारतात जाताना शीट फिल्म विमानतळावरून कशी न्यावी?

कोकणकडा

धबधब्यांसाठी मे ते जूनचा पूर्वार्ध उत्तम. ऑगस्टपर्यंत योसेमिटी फॉल्स बरेचदा आटून जातो. पूर्व उताराकडे जाणारा टायोगा रस्ता हिवाळ्यात बंद असतो आणि बर्फाच्या मानाने मेअखेर किंवा त्याहून उशिरा उघडतो, तेव्हा निघण्यापूर्वी उद्यानाच्या संकेतस्थळावर पाहून घ्यावे.

फिल्म चेक-इन सामानात कधीही टाकू नका, तिथले क्ष-किरण जास्त तीव्र असतात. हातातल्या सामानासाठीही आता अनेक विमानतळांवर सीटी स्कॅनर आले आहेत आणि त्यांनी फिल्म धुरकटते. अमेरिकेत हाताने तपासणी करण्याची विनंती केली तर बहुधा मान्य होते. शीटचा उघडलेला डबा मात्र अधिकाऱ्याला दाखवण्यासाठी उघडता येत नाही, म्हणून शक्यतो कारखान्याच्या मोहोरेचे न उघडलेले डबेच न्यावेत आणि वर ‘प्रकाशसंवेदनशील, उघडू नये’ असे इंग्रजीत मोठ्या अक्षरांत लिहावे. भारतातल्या विमानतळांवर अशी विनंती मान्य होईलच असे नाही. त्यामुळे टिपलेल्या शीट परतीच्या प्रवासाआधी तिकडेच डेव्हलप करून निगेटिव्ह घेऊन येणे सर्वांत सुरक्षित.

पुणेरी_भिंग

तसे करणार असाल तर डेव्हलपर २० अंश सेल्सियसला आणण्यासाठी बर्फाची सोय ठेवा; एप्रिल-मेमध्ये आमच्या नळाचे पाणी ३० अंशांच्या वर असते. एफपी४ प्लस इथे शीटमध्ये सहजी मिळत नाही, तेव्हा लागेल त्याहून एक डबा जास्त आणा. पुण्यात ट्रे आणि काळोखी खोली लागली तर मला व्यक्तिगत संदेश करा.